‘ये’ म्हणतेस ना

२ सप्टेंबर
घर

मायना लिहीत नाही. ‘प्रिय’ लिहिलं तर तू हसशील, ‘सौ.’ लिहिलं तर आपला वकील हसेल. जाताना तूच सांगून गेलीस की फोन नको, फोनवर आपण दोघं कोंबड्यांसारखे झुंजतो, जे काय असेल ते लिहून कळव. म्हणून लिहून कळवतोय. तुझं उत्तर कधी येत नाही हा भाग वेगळा.

मुद्दा असा, की आपली भिंगरी शाळेच्या भूगोलाच्या सहलीला निघालीय. ज्वालामुखी आणि हिमनद्या बघायला. आता मला सांग, जी मुलगी कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव आणायचा तर सायकल काढते, तिला एकाएकी दगडधोंड्यांतून तंगडतोड करायची हौस कुठून आली? मी विचारलं तर म्हणाली, भूगोल आवडतो. गेल्या वर्षी याच भूगोलात काठावर पास झालीय.

मग मी सहलीचा नकाशा मागवून घेतला. आधी बंदर, मग लाव्ह्याचं माळरान, मग तुझं गाव, मग हिमनदी. तुझ्या गावात बस जेवायला थांबणार. म्हटलं, हं. इथे पाणी मुरतंय.

तू म्हणशील, झालं याचं सुरू. पण विम्याचे दावे तपासण्यात माझे केस पांढरे झालेत. जळालेल्या दुकानासमोर मालक कुठे उभा राहून रडतो, यावरून मला आग कुणी लावली ते कळतं. माझ्याच घरात काहीतरी शिजतंय आणि मला वास येऊ नये, इतका काही मी दूधखुळा नाही. जाताना तू म्हणाली होतीस, घरात नवरा हवा, तपासनीस नको. ते वाक्य तू आधी कुणापुढे तरी म्हणून पाहिलं असणार, इतकं ते घोटीव होतं. मी तेव्हाही सोडून दिलं.

बॅग मी तपासली. कुणीही बाप तपासेल. तळाशी, मोज्यांच्या खाली, मोहरी रंगाची लोकरीची टोपी निघाली. नवी कोरी, आणि माप मोठ्या बाईचं. मी घेतलेली नाही. विचारलं, कुणाची? म्हणाली, माझी. कुणी दिली? कुणी नाही. आणि टोपी माझ्या हातातून काढून घेतली, पुन्हा मोज्यांखाली घातली.

पुढच्या उन्हाळ्यात तिची शाळा संपते. त्यानंतर कुणाकडे राहायचं ते ती स्वतः ठरवेल, असं आपण दोघांनी सह्या करून कबूल केलंय. मी शब्द फिरवणारा माणूस नाही. पण तिने ठरवणं वेगळं आणि तू तिला आतून फूस लावणं वेगळं. टोप्या पाठवायच्या, सहलीच्या वाटेत गाठायचं, हे धंदे मला कळतात.

शाळेला सोबत म्हणून दोन पालक हवे होते. मी नाव दिलं. भिंगरीला सांगितलं तेव्हा तिचा घास हातातच राहिला. म्हणाली, “तुम्ही? तुम्हाला रजा मिळेल?” पोरीला आनंद झाला असता तर तिने रजेची चौकशी केली असती का, तूच विचार कर.

५ सप्टेंबर
वसतिगृहाचं जेवणघर, लाव्ह्याच्या माळापाशी

हे पत्र एक पाय खुर्चीवर ठेवून लिहितोय. कारण पुढे येईलच.

माझ्या खोलीत दुसरे पालक म्हणजे एक दातांचा डॉक्टर आहे. बोलताना तो माझ्या डोळ्यांत बघत नाही, दातांत बघतो. पहिल्याच सकाळी त्याने निदान केलं की तुमच्या दाढा झिजल्यात, तुम्ही झोपेत दात खाता. मी म्हटलं, मी जागेपणीही खातो. तर म्हणाला, ते दिसतंच आहे. असला सोबती.

भूगोलाच्या बाई मात्र वेगळ्याच. बुटक्या, आवाज खणखणीत, आणि पोरांना एकच धाक, की आधी डोळ्यांनी बोला, मग डोक्याने. कुठलाही दगड आला की आधी फक्त काय दिसतंय ते सांगायचं. काळा आहे, भोकं आहेत, हलका आहे. हे झाल्याशिवाय कुणी ‘हा ज्वालामुखीतून आला’ म्हणालं की बाई त्याला गप्प करतात. मी बाईंना म्हटलं, आमच्या खात्यातही हेच चालतं. त्या म्हणाल्या, हो का, छान. त्या सुरातलं ‘छान’ मला आवडलं नाही. मी भिंगरीच्या अभ्यासाबद्दल विचारलं तेव्हाही त्यांनी विषय वळवला. बाईंना काहीतरी माहीत आहे.

सकाळी ज्वालामुखीचे प्रकार झाले. जागृत, निद्रिस्त, मृत. बाईंनी विचारलं, निद्रिस्त म्हणजे कोणता? आपल्या कन्येने हात वर केला. “जो गप्प असतो, पण आजूबाजूच्यांनी सांभाळून राहायचं असतं.” उत्तर बरोबर होतं. ते माझ्याकडे बघून द्यायची गरज नव्हती. तिची ती चष्मेवाली मैत्रीण तोंडावर हात धरून फिदीफिदी हसत होती, आणि दातांच्या डॉक्टरालाही खोकला आला.

मग माळावर गेलो. माळ कसला, नजर पोचेल तिथवर काळं, खडबडीत, गोठलेलं. मध्ये मध्ये शेवाळाची जाड गादी. शेंदरी झेंड्यांच्या आतूनच चालायचं, असा बाईंचा हुकूम होता, कारण वरचं कवच टणक दिसलं तरी खाली लाव्हा वाहून गेलेला असतो आणि आत पोकळी राहते.

तिथे एका उंचवट्यापाशी फोन लागत होता. भिंगरी घोळक्यातून सटकली आणि त्या उंचवट्याच्या मागे गेली. मी बघत होतोच. वारा सुटला होता. मी झेंड्यांच्या पलीकडून, आवाज न करता, जरा जवळ गेलो. तू नाक मुरडशील, पण मुलीवर लक्ष ठेवायलाच शाळेने मला नेलंय.

मला एवढं ऐकू आलं. “नाही, बाबांना माहीत नाही. नाही सांगितलं.” मग वाऱ्यात काही गेलं. आणि मग अगदी स्वच्छ, “ये म्हणतेस ना? आई, ये म्हणतेस ना?”

झालं. मला हवं होतं ते मिळालं. तू तिला ‘ये’ म्हणतेस. महिनोन्‌महिने माझ्या पत्रांना एका ओळीचं उत्तर नाही, आणि पोरीला मात्र फोनवर ‘ये’. अंगाचा नुसता तिळपापड झाला. तरातरा पुढे व्हायला एक पाऊल टाकलं आणि पायाखालचं कवच फुटून मी गुडघ्यापर्यंत आत.

पोटरी सोलून निघाली. पण दुखण्यापेक्षा शोभा जास्त झाली. अख्खा वर्ग धावत आला. भिंगरीने एका हातात फोन तसाच धरून दुसऱ्या हाताने मला ओढलं. मी तिथे काय करत होतो हे तिने विचारलं नाही. तिने झेंड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि नुसतं म्हणाली, “बाबा, झेंडे.” बाईंनी पट्टी बांधली. त्या म्हणाल्या, दिसतं तितकं घट्ट नसतं, मी सकाळी सांगितलं होतं. मी म्हटलं, मला ऐकू कमी येतं. हे खोटं होतं, ते तुला वेगळं सांगायला नको.

तुला एवढंच सांगतो. उद्या बस तुझ्या गावात थांबणार आहे. तू येशील तेव्हा मी समोरच असेन. जे बोलायचं ते माझ्या देखत बोल.

६ सप्टेंबर
बसमध्ये, तुझ्या गावातून निघाल्यावर

आली नाहीस.

मी जेवणाच्या हॉलमध्ये दारासमोरची खुर्ची धरली होती. सूप निवलं. भिंगरी जेवली नाही, पोट ठीक नाही म्हणाली आणि बाहेर जाऊन बसथांब्याच्या बाकावर बसली. टोपी दोन्ही हातांत. प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्या बाईकडे मान वळायची. मी काचेतून बघत होतो. म्हणजे भेट ठरलेली होतीच, मी काही हवेत गोळ्या मारत नव्हतो.

समोरच्या औषधांच्या दुकानात काचेमागे करड्या कोटातली एक बाई बराच वेळ उभी होती. बाहेर येत नव्हती, काही विकत घेत नव्हती. मधून बस गेली की दिसेनाशी व्हायची आणि पुन्हा तिथेच. ती तू होतीस का? असशील तर हा कुठला नवा डाव? मला बघितलंस आणि सावध झालीस, असंच मी समजतो. उभं राहण्याची ढब तुझीच होती, वजन एका पायावर टाकून.

आता बसमध्ये भिंगरी माझ्या पुढच्या सीटवर आहे. टोपी तिने स्वतःच्याच डोक्यात घातलीय. ती कपाळावरून डोळ्यांवर उतरतेय. चष्मेवाली तिला गोळी देतेय, पोटाची म्हणून. पोट दुखणाऱ्या माणसाचे डोळे असे लाल होत नाहीत. भेटायचं कबूल करून पोरीला ताटकळत ठेवलंस, हे मात्र मी तुझ्याबद्दल कधी धरलं नव्हतं.

७ सप्टेंबर
हिमनदीपाशी

आज लिहायला बसलो आणि दोन कागद फाडले. सुरुवात कुठून करू ते सुचत नाही, म्हणून बाईंच्या पद्धतीने करतो. आधी काय दिसलं ते.

सकाळी धुकं होतं. हिमनदी शेजारीच आहे म्हणे, पण दहा हातांपलीकडचं दिसेना. बाईंनी आम्हाला एका खडकापाशी थांबवलं. बसलेल्या म्हशीएवढा. अंगावर लांब लांब सरळ ओरखडे, सगळे एकाच रेषेत. बाई म्हणाल्या, बर्फ सरकताना तळाशी अडकलेले दगड घासत नेतो, त्याचे हे ओरखडे. मग विचारलं, बर्फ कुठून कुठे गेला?

मला राहवेना. आयुष्यभर मी गाड्यांचे ओरखडेच बघतोय. कुणी कुणाला घासलं, ते ओरखड्यावरून सांगतो आणि त्यावर कंपनी पैसे देते किंवा देत नाही. मी लंगडत पुढे झालो, बोट ठेवलं आणि ठणकावून सांगितलं, डावीकडून उजवीकडे. इथे खोल सुरू होतो, तिथे उथळ होत संपतो. साधी गोष्ट आहे.

बाई म्हणाल्या, “ओरखड्यावरून रेषा कळते. दिशा कळत नाही.”

मी म्हटलं, माझा अनुभव आहे. त्या म्हणाल्या, डोळे मिटून खडकावर हात फिरवा. मी फिरवला. उजवी बाजू उतरती, घोटून काढल्यासारखी गुळगुळीत. डावी बाजू तुटकी, कडा बोटाला टोचणाऱ्या. त्यांनी सांगितलं, बर्फ जिकडून चढतो ती बाजू तो घोटतो, आणि जिकडे उतरतो तिकडचे तुकडे उपटून बरोबर नेतो. म्हणजे उजवीकडून डावीकडे. तेवढ्यात धुकं विरलं आणि हिमनदी दिसली. उजवीकडे. अख्खीच्या अख्खी, निळसर, राखेने मळलेली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दातांचा डॉक्टर म्हणाला, आता या केसमध्ये कंपनीने पैसे द्यायचे की नाही?

मी हसलो नाही. वर्ग पुढे गेला. पायाचं निमित्त करून मी तिथेच खडकाला टेकून बसलो. भिंगरी मागे राहिली. टोपी घालून माझ्याशेजारी येऊन बसली, पण मध्ये हातभर जागा सोडून.

मी म्हटलं, टोपी आईने चांगली दिलीय. ती म्हणाली, “आईने नाही दिली. मी तिच्यासाठी घेतली होती.”

मोठ्या बाईचं माप. पहिल्या दिवशी मी बरोबर बघितलं होतं, आणि बघितल्या बघितल्या चुकलो होतो. मी विचारलं, मग काल ती आली का नाही? तर म्हणाली, ती येणार नाही असं तिने फोनवरच सांगितलं होतं, मीच वाट बघत बसले. म्हटलं, असं कसं, ती तर तुला ‘ये’ म्हणते. माळावर मी ऐकलं. चोरून ऐकल्याचं मी असं स्वतःच्याच तोंडाने कबूल केलं, पण तिने ते पकडलंसुद्धा नाही. बहुतेक तिला सवय झालीय.

ती म्हणाली, “म्हणत नाही ती. मीच विचारते, ये म्हणतेस ना, ये म्हणतेस ना. ती नाही म्हणते. दर वेळी नाही म्हणते.”

“का?”

“बाबा एकटे पडतील म्हणते.”

शब्द तेच होते. मला माळावर ऐकू आले ते सगळे शब्द बरोबर होते. ‘ये म्हणतेस ना.’ मी ते उलट्या बाजूने वाचले. तू तिला ओढत नव्हतीस. ती तुझ्याकडे येऊ बघत होती आणि तू तिला माझ्याकडे परत ढकलत होतीस. माझ्यासाठी.

मग मी विचारू नये ते विचारलं. तुला का जायचंय? भिंगरी चिडली नाही, रडली नाही. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. म्हणाली, “घरी आले की रोज दावा दाखल केल्यासारखं वाटतं, बाबा. उशीर का, बरोबर कोण होतं, मग मघाशी वेगळं का सांगितलंस. सगळं खरं असतं हो. तरी सिद्ध करावं लागतं.”

खोट्या दाव्याला मी शंभर प्रश्न विचारू शकतो. हा खरा होता. मी म्हटलं, थंडी वाढलीय, टोपी कानांवर ओढून घे. तिने ओढून घेतली. मग मधली हातभर जागा तिनेच कमी केली, आणि आम्ही बाई हाका मारेपर्यंत तसेच बसलो.

आज एवढंच लिहितो. डोक्याने काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.

११ सप्टेंबर
घर

आम्ही पोचलो. पोटरी बरी आहे. भिंगरी आतल्या खोलीत चष्मेवालीशी फोनवर बोलतेय, मोठमोठ्याने हसतेय, आणि काय चाललंय ते विचारायला मी अजून उठलेलो नाही. हे लिहितोय ते तेवढ्यासाठीच, हाताला काम हवं म्हणून.

परतीच्या वाटेत मी अर्धा रस्ता विचार केला की तू ‘नाही’ म्हणतेस यात तुझा काय डाव असेल. सगळीकडून तपासलं. काही सापडलं नाही. औषधांच्या दुकानातली बाई तूच होतीस. रस्ता ओलांडला असतास तर भिंगरी तुला सोडून बसमध्ये चढली नसती, हे तुला माहीत होतं. म्हणून काचेमागे उभी राहिलीस आणि तिला नुसती बघून घेतलीस. मला राग येतो की हे तू माझ्यासाठी केलंस आणि मला कळवलं नाहीस. पण कळवलं असतंस तर मी विश्वास ठेवला असता का, हाही प्रश्न आहेच. नसता ठेवला.

मी एकटा पडेन, हे खरं आहे. ते मी लपवत नाही. संध्याकाळी कुलूप उघडून आत आलो आणि घरात कुणी नसलं, की मला आत्ताही दोन मिनिटं दिवा लावायचं सुचत नाही, आणि तेव्हा तर ती नुसती शिकवणीला गेलेली असते. पण माझं एकटं पडणं हे तिच्या पायात अडकवायचं कारण नाही. तुझ्याही.

म्हणून हे पत्र. उन्हाळ्यापर्यंत थांबायचीही गरज नाही, सत्र संपलं की झालं. तुझ्या गावात शाळा आहे, ती बसमधून मी बघितली, बरी वाटली. भिंगरीला मी अजून काही बोललेलो नाही. मी सांगितलं तर ती माझं तोंड बघत बसेल आणि मला वाईट वाटतंय का ते तपासेल. ते तिने तुझ्याकडून ऐकायला हवं. पुढच्या वेळी फोन करून ती विचारेल, तेव्हा तिला ‘ये’ म्हण.

टोपी ती स्वतःच आणून देईल. तुला ती होईल, मी मापाने सांगतो.

थोड्या गोष्टी माहीत असू देत. दुधावरची साय तिला आता चालत नाही. परीक्षेच्या आधी ती खोटं हसते, तेव्हा काही विचारू नकोस, नुसती जवळ बस. आणि झोपायच्या आधी ती दाराची कडी बघून येते, मग अंथरुणातून उठून पुन्हा एकदा बघून येते. ती माझ्याकडून आलेली खोड आहे. त्यावरून तिला रागावू नकोस. तुझ्या घरी राहिली की हळूहळू जाईल.

ती खोड गेली की मला कळव. त्याला पत्र नको, फोन केलास तरी चालेल.